अधिक महिन्यातली वजाबाकी

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ अशी आपल्याकडे एक जुनी म्हण आहे. ही म्हण ज्याने केली त्याने घर रोख पैशांनी बांधले असले पाहिजे. त्याला हप्ता ठाऊक असता तर ‘घर पाहावे फेडून’ असे तिसरे पुच्छ त्याने तिला नक्कीच जोडले असते. बांधण्याची दगदग वर्ष-दोन वर्षांत संपते. फेडण्याचे काम वीस वर्षे चालते. आणि कधीकधी ते वीस वर्षांतही संपेल की नाही, अशी शंका येण्याची पाळी येते.

आमच्यावर ती पाळी २०२३ च्या मे महिन्यात आली. तिने आमच्या स्वयंपाकघरात काय उलथापालथ केली, त्याची ही हकिकत. काटकसरीच्या दोन-चार युक्त्या ओघाने येतील. पण त्या शिकवण्यासाठी मी लिहायला बसलेली नाही. माझ्या हातून एक चूक झाली. ती सांगितली तर दुसऱ्या एखाद्या घरात टळेल, एवढाच हेतू आहे.

पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला आम्ही फ्लॅट घेतला तो २०२० च्या डिसेंबरात. त्या वर्षअखेरपर्यंत सरकारने मुद्रांक शुल्कात तीन टक्क्यांची सवलत दिली होती आणि कर्जाचे व्याजही पुष्कळ उतरले होते. तीस लाखांचे कर्ज, सात टक्के व्याज, वीस वर्षांची मुदत. महिन्याचा हप्ता २३,२५९ रुपये. ह्यांचे वय तेव्हा चाळीस. म्हणजे निवृत्तीच्या सुमारास घर आमचे होणार, असा सरळ हिशेब. वास्तुशांत झाली, सासूबाईंनी देवघराची जागा ठरवली, मुलांनी भिंतीवर पेन्सिलीने आपापली उंची मांडली, आणि आम्ही निर्धास्त झालो.

व्याज बदलते होते. अशी नवी कर्जे २०१९ च्या ऑक्टोबरपासून बँकांना बाहेरच्या एखाद्या दराला बांधावी लागतात. आमचे रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराला बांधलेले होते. रिझर्व्ह बँक इतर बँकांना थोड्या मुदतीसाठी पैसे देते, त्याचा हा दर. आम्ही कर्ज काढले तेव्हा तो चार टक्के होता. २०२२ च्या मे महिन्यापासून तो चढू लागला आणि २०२३ च्या फेब्रुवारीपर्यंत सहा वेळा वाढून साडेसहा टक्क्यांवर गेला. वर्तमानपत्रात आम्ही ते वाचत होतो. पण आमच्या खात्यातून दरमहा जाणारी रक्कम तीच होती, २३,२५९. तेव्हा आम्हाला वाटले, आपल्यापर्यंत काही आले नाही.

आले होते, फक्त मागच्या दाराने आले होते. मे महिन्यात ह्यांनी कर्जाचा उतारा काढला आणि चहाचा कप तसाच ठेवून मला हाक मारली. व्याज साडेनऊ टक्के झाले होते. हप्ता २३,२५९, त्यात व्याज २२,६८९, मुद्दलात गेले ५७० रुपये. आणि खाली, उरलेले हप्ते : ४७०.

“चारशे सत्तर महिने म्हणजे किती गं वर्षे?” ह्यांनी विचारले. त्यांना भागाकार येत नव्हता असे नाही. उत्तर दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचे होते.

“एकोणचाळीस,” मी म्हटले.

“म्हणजे मी एक्क्याऐंशी वर्षांचा होईन.”

बँकेतले अधिकारी भले गृहस्थ होते. त्यांनी समजावून सांगितले की, व्याज वाढले की हप्ता तसाच ठेवून मुदत लांबवतात. पण इतकी लांबलेली मुदत बँकेलाही चालायची नाही. एक तर एकरकमी मुद्दल भरा, नाहीतर हप्ता वाढवा. मूळच्या मुदतीतच फेडायचे असेल तर हप्ता २७,९४० होईल. (पुढे त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना सांगितले की, व्याज बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारले पाहिजे. ज्यांच्या घरावर असे कर्ज आहे त्यांनी उतारा वर्षातून दोनदा तरी पाहावा. हप्त्याचा आकडा पाहू नये. त्यातले मुद्दल पाहावे.)

एकरकमी भरायला आमच्याजवळ काही नव्हते. म्हणजे दरमहा ४,६८१ रुपये जास्त. मुलांच्या फिया ठरलेल्या, विजेचे बिल ठरलेले, विम्याचे हप्ते ठरलेले. कमी करता येईल असा खर्च घरात एकच होता, आणि तो माझ्या ताब्यात होता. त्या रात्री स्वयंपाकघरात दिवा मालवून आम्ही दोघे हळू आवाजात बोललो. मी म्हटले, “तुम्ही काळजी करू नका. हप्ता वाढवून टाका. मी बघते.”

‘मी बघते’ हे दोन शब्द गृहिणीच्या तोंडी फार शोभून दिसतात. पण त्यांत केवढा अहंकार असतो, हे मला पुढे चार महिन्यांनी कळले.

दुसऱ्या दिवशी वही काढून महिन्याचा खर्च मांडला. वाणसामान ६,९००, दूध ३,६००, भाजी आणि फळे ४,२००, आणि ‘किरकोळ’ ४,१००. एकूण १८,८००, खाणारी माणसे पाच : आम्ही दोघे, सासूबाई, चौदा वर्षांची मुलगी आणि नऊ वर्षांचा मुलगा. हा तक्ता समोर असताना मी जे केले ते बहुतेक बायका करतात. ‘किरकोळ’कडे पाहिलेही नाही, नावच मुळी किरकोळ! मी थेट मोठ्या आकड्यांवर कात्री चालवली.

दूध रोजचे दोन लिटर होते, ते दीड केले. तांदूळ हलका आणला. तूरडाळ त्या दिवसांत महाग झालेली. वरण पातळ होऊ लागले. फळे आठवड्यातून एकदा. जुलैत टोमॅटोने किलोला शंभरी ओलांडली, तेव्हा आमटीत आमसूल घातले आणि त्याबद्दल स्वतःची पाठ थोपटून घेतली. हे सारे मी गाजावाजा न करता केले. मुलाने विचारले, “आई, आंबे का नाही आणले?” तर, “चांगले नव्हते,” म्हणून सांगितले. भात चिकट का झाला, तर “तांदूळ नवा आहे.” घरात कुणाला झळ लागू न देता मी संसाराचे गाडे ओढते आहे, या कल्पनेने मला एक प्रकारचे समाधान वाटत होते. पहिल्या महिन्यात २,१०० रुपये वाचले. उरलेले बँकेतल्या शिलकीतून घातले.

त्या वर्षी अधिक श्रावण आला होता. १८ जुलैला अधिक महिना लागला तसे सासूबाईंनी सांगितले, “या खेपेला मी एकभुक्त राहणार आहे. महिनाभर एक वेळ जेवीन.”

सत्त्याहत्तर वर्षांच्या बाईने पुरुषोत्तम मासात एकभुक्त राहावे यात नवल काय? त्यांच्या आईने केले होते, सासूने केले होते. मी म्हटले, “झेपेल ना, आई?” त्या म्हणाल्या, “न झेपायला काय झाले? उलट पोटाला आराम.” जावयाला तेहतीस अनारशांचे वाण द्यायचे होते, ते त्यांनी घरी तांदूळ भिजवून, कुटून, आपल्या हातांनी केले. स्वतः एकही चाखला नाही.

१७ ऑगस्टला निज श्रावण लागला. मला वाटले, आता नेम संपला. पण त्या म्हणाल्या, “आता श्रावणच आहे, तर आणखी एक महिना. मग आहेच चतुर्थीला गोडाधोडाचे.” रात्री त्या पेलाभर दूध घेत असत, तेही अधिकाबरोबर सुटले होते. “दुधाने हल्ली पोट जड होते,” त्या म्हणत. आणि मी, मनातल्या मनात लाजेने सांगते, दुधाचे दीड लिटर बरोबर पुरते आहे म्हणून खूश होते.

गणपती येणार त्याच्या दोन दिवस आधी सासूबाई देवघराची उपकरणी घासायला खाली बसल्या आणि उठताना तोल जाऊन भिंतीशी कोसळल्या. हाड मोडले नाही, ही देवाची कृपा. डॉक्टरांनी तपासले, वजन केले. मार्चमधल्या नोंदीपेक्षा साडेचार किलो कमी भरले. रक्त तपासायला दिले, हिमोग्लोबिन उतरलेले. डॉक्टरांनी विचारले, “आजी, जेवता ना नीट?”

“व्रत होते,” आजी म्हणाल्या.

“दोन महिने?”

“अधिक होता ना!”

तपासण्या, सलाईन आणि औषधे मिळून २,६५० रुपये झाले. एका महिन्याच्या माझ्या काटकसरीपेक्षा साडेपाचशे जास्त. पण तो आकडा मनाला लागला नाही. लागले ते दुसरेच. घरी आल्यावर मी त्यांच्यासाठी दूध गरम करून नेले, तर त्यांनी पेला हातात घेतला आणि विचारले, “मुलांचे झाले का?”

“झाले, आई.”

“बघ हो. दीड लिटरच येते हल्ली.”

मी खाली बसले. म्हटले, “तुम्हाला केव्हापासून ठाऊक आहे?”

त्या म्हणाल्या, “अगं, स्वयंपाकघर आणि माझी खोली यांच्यामध्ये भिंत एवढीशी. तुम्ही मे महिन्यात बोलत होतात ना, त्या रात्री मला झोप लागली नव्हती. तू ‘मी बघते’ म्हणालीस. मला वाटले, ती बघते आहे तर आपणही थोडे बघावे. माझ्याजवळ काय आहे दुसरे द्यायला? पेन्शन नाही, दागिने घराच्या वेळीच दिले. एक वेळचे जेवण आणि पेलाभर दूध, एवढेच होते. आणि देवाच्या नावाने सोडले की कुणी विचारत नाही.”

शेवटचे वाक्य त्यांनी अगदी सहज उच्चारले. पण मला आठवले की, माझ्या लहानपणी महिन्याच्या शेवटी शेवटी माझ्या आईचेही उपास वाढत असत. आम्हा भावंडांना वाटे, आई किती धार्मिक आहे!

गौरी-गणपती पार पडल्यावर एका रविवारी ह्यांनी सर्वांना जेवणाच्या टेबलाशी बसवले. सासूबाई होत्या, मुलेही होती. मुलांना यात घ्यावे की नाही याबद्दल माझे मन कचरत होते; पण हे म्हणाले, “आपण सांगितले नाही म्हणून आईने कोपऱ्यात बसून उपास काढले. आता कोणी एकट्याने काही सोडायचे नाही.” त्यांनी कर्जाचा उतारा वाचून दाखवला. २३,२५९ मधले ५७० हे मुलांना दाखवले, तेव्हा मुलगी म्हणाली, “म्हणजे एवढे पैसे भरून आपले फक्त एक कपाटाचे दार झाले असेल!” मुलाने विचारले, “कोणते दार?” आणि चार महिन्यांत प्रथमच त्या विषयावर घरात हसणे झाले.

मग एकच नियम ठरला : जे कुणाच्याही पोटात जात नाही, त्यापासून सुरुवात करायची. दूध, डाळ, भाजी आणि फळ यांना हात लावायचा नाही. दूध दुसऱ्या दिवसापासून पुन्हा दोन लिटर झाले.

पोटात न जाणारे म्हणजे काय, ते शोधण्याचे काम मुलाने अंगावर घेतले. स्वयंपाकघरातला काटा पुढे ओढून आठवडाभर त्याने टाकून दिलेले अन्न तोलले. साले, देठ सोडून. सात दिवसांत दोन किलो आठशे ग्रॅम भरले! शिळ्या पोळ्या, फ्रीजच्या तळाशी काळी पडलेली कोथिंबीर, दोन दिवस वाट्यांत फिरून शेवटी टाकलेल्या भाज्या, बुरशी आलेला पाव. माझी मान खाली गेली. एकीकडे मी वरणात पाणी घालत होते आणि दुसरीकडे हे बादलीत जात होते. त्या दिवसापासून पोळ्या मोजून होऊ लागल्या, उरल्या तर सकाळी फोडणीची पोळी. भाजी आठवड्याची एकदम न आणता दोन-दोन दिवसांची. भाजीचा खर्च ४,२०० वरून ३,५०० वर आला आणि ताटातली भाजी कमी झाली नाही.

मग ‘किरकोळ’. मुलीने वहीतला तो रकाना सोडवून मांडला तेव्हा त्यातून फोनवरून दहा मिनिटांत घरपोच मागवलेल्या वस्तू निघाल्या. एक पाव मागवायचा, आणि मागवणावळ वाचावी म्हणून त्याच्याबरोबर बिस्किटे, वेफर्स आणि एखादी बाटली घ्यायची. वाचवायला गेलो वीस रुपये, घालवले दीडशे. मागवणाऱ्यांत सर्वांत पुढे कोण, तर मीच. संध्याकाळी दमून आल्यावर. मी ते कबूल केले. शनिवारी एकदाच बाहेरचे खायचे आणि तेही सर्वांनी मिळून ठरवायचे, असे ठरल्यावर तो रकाना ४,१०० वरून १,५०० वर आला.

बिस्किटांच्या डब्यांच्या जागी काय, हा प्रश्न सासूबाईंनी सोडवला. “चिवडा मी करते. मेतकूट करते. थालीपिठाची भाजणी करते. मला नुसते बसवून ठेवू नका.” पहिल्या भाजणीचा वास जिन्यात दरवळला तेव्हा वरच्या मजल्यावरच्या काकूंनी डबा धाडला. साय साठवून महिन्याला पाऊण किलो तूप घरी होऊ लागले, तेव्हा बाजारचे तूप बंद झाले. तूप कढल्यावर उरलेल्या बेरीत साखर घालून ती खाण्यासाठी मुलांची भांडणे होऊ लागली.

वाणसामानाचेही काही कळले. पूर्वी मी पाकिटाची किंमत पाहत असे, वजन पाहत नसे. तेलाची लिटरची पिशवी साधारण ९१० ग्रॅम भरते. तिच्या शेजारी तशीच दिसणारी, पण आठशे-साडेआठशे ग्रॅमची पिशवी ठेवलेली असते आणि ती ‘स्वस्त’ वाटते. डिसेंबर २०२२ पासून पाकिटांवर दर ग्रॅमचा किंवा दर किलोचा भाव छापावा लागतो. तो बारीक अक्षरांत असतो, पण खरा भाव तोच. तांदूळ, गहू आणि डाळी आम्ही शेजारच्या दोन घरांशी मिळून मार्केट यार्डाच्या भुसार बाजारातून आणू लागलो. सासूबाईंनी तुरीच्या डाळीला एरंडेल चोळले, गव्हात कडुनिंबाचा वाळलेला पाला घातला. त्यांचा एक कायदा मात्र होता, “तीन महिन्यांपेक्षा जास्त भरायचे नाही. पावसाळ्यात पोरकिडे खातात ते स्वस्तात पडत नाही.” तूर महाग तर आठवड्यातून दोन दिवस मसुराची आमटी, एक दिवस कुळथाचे पिठले, एक दिवस मटकी. वाणसामान ६,९०० चे ६,००० झाले.

सातशे, सव्वीसशे आणि नऊशे मिळून ४,२०० झाले. हवे होते ४,६८१. राहिलेल्या ४८१ रुपयांसाठी कुणी काही बोलायच्या आत हे म्हणाले, “ते माझे. कचेरीतला दुपारचा वडा आणि दोन चहा.” तेव्हापासून त्यांच्या डब्यात वरचा कप्पा चिवड्याचा असतो.

पुढे २०२५ साल उजाडले. फेब्रुवारी ते जून या काळात रेपो दर एक टक्क्याने उतरला. आमचे व्याज साडेआठ झाले. बँकेने या खेपेला विचारले, हप्ता कमी करायचा की मुदत? पुन्हा टेबलाशी बैठक बसली. मुलाचे मत हप्ता कमी करून दर बुधवारी पिझ्झा आणावा असे होते. त्याने ते मुद्देसूद मांडले. पण त्याच्या बहिणीने हिशेब करून दाखवला की, २७,९४० च भरत राहिलो तर कर्ज जवळजवळ पावणेदोन वर्षे आधी फिटते. आजींचे मत शेवटी विचारले.

त्या म्हणाल्या, “सवय झालेला हप्ता मोडू नये. पण महिन्यातून एक बुधवार द्या त्याला.” तसे ठरले.

काटकसरीची मला आता भीती वाटत नाही; भीती वाटते ती गुपचूप केलेल्या काटकसरीची. वहीत मांडलेली बचत सर्वांना दिसते, तिच्याबद्दल भांडता येते. जी मांडली जात नाही ती घरातल्या कुणातरी एका माणसाच्या ताटातून जाते, आणि ते माणूस बहुधा सर्वांच्या शेवटी जेवणारे असते. आपल्या घरात कुणाचे उपास अलीकडे वाढले आहेत का, एवढे या दिवाळीत फराळाचे ताट पुढे करताना जरूर पाहा.

आमच्या वहीत आता दर महिन्याच्या पहिल्या तारखेला पहिली ओळ ठरलेली आहे. मुलगा ती लिहितो. ‘दूध, दोन लिटर. त्यात आजीचा पेला एक.’ सासूबाई अधूनमधून कुरकुरतात की, माझे नाव कशाला वहीत? पण पेला रिकामा करून परत देतात. मी तो पाहूनच विसळते.